तकाकी, झळाळी आणि चमचम: चॉकलेटच्या सजावटीवर चमक येते कुठून?

चॉकलेट एकाच भांड्यात वितळवलेलं, ब्रश तोच, सोनेरी पूडही एकाच डबीतली. केकवर खोचायला मी दोन पानं केली होती. त्यातलं एक नुकत्याच घासलेल्या पितळेसारखं उजळलं आणि दुसऱ्यावर नुसती पिवळसर धूळ बसल्यासारखी दिसत राहिली. त्या दुसऱ्या पानावर मी आणखी पूड लावली, तर ते आणखीच निस्तेज झालं. बराच वेळ दोष डबीला दिल्यावर लक्षात आलं, की पहिलं पान ॲसिटेटच्या गुळगुळीत प्लास्टिक शीटवर ओतलं होतं आणि दुसरं बेकिंग पेपरवर. फरक पुडीत नव्हताच, तो पुडीखालच्या चॉकलेटमध्ये होता.

केकच्या सजावटीबद्दल बोलताना आपण सगळ्यालाच ‘शायनी’ म्हणून मोकळे होतो. मराठीत मात्र यासाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि ते फार नेमके आहेत. पॉलिश केलेल्या लाकडाला असते ती तकाकी. सोन्याला असते ती झळाळी. टिकल्यांची असते ती चमचम. चॉकलेटवर या तिन्ही आणता येतात, पण तिन्हींची मुळं वेगळी आहेत. तकाकी चॉकलेटची स्वतःची असते, झळाळी पुडीतल्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांची आणि चमचम मोठ्या कणांची. झळाळी हवी असेल तर आधी तकाकी जमावी लागते. माझं दुसरं पान फसलं ते इथे.

आधी तकाकी

परातीतलं पाणी स्थिर असलं की त्यात चेहरा दिसतो. कुणी बोट बुडवलं की चेहरा मोडतो. पाणी तेच, प्रकाशही तेवढाच, पण आधी सगळे किरण एकाच दिशेने परतत होते आणि आता दहा दिशांना पांगले. चॉकलेटच्या पृष्ठभागाचंही असंच आहे. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण 400 ते 700 नॅनोमीटर असते. पृष्ठभागावरचे उंचसखल भाग त्याहून बरेच लहान असतील तर तो भाग प्रकाशाला सपाट वाटतो आणि आपल्याला तकाकी दिसते. खडबडीतपणा त्याहून मोठा झाला की प्रकाश विखुरतो आणि तेच चॉकलेट मॅट दिसतं.

हा सपाटपणा ठरवतं कोको बटर, म्हणजे चॉकलेटमधला स्निग्धांश. गोठताना त्याचे रेणू सहा वेगवेगळ्या प्रकारे रचले जाऊ शकतात. 1966 मध्ये विले आणि लटन या दोघांनी या सहा रचनांचं वर्णन केलं आणि त्यांना एक ते सहा क्रमांक दिले. पहिली रचना 17 अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळते, सहावी 36 अंशांच्या पुढे. आपल्या कामाची आहे ती पाचवी. ती जवळपास 34 अंशांना वितळते, म्हणून चॉकलेट हातात काही वेळ टिकतं आणि जिभेवर विरघळतं. पाचव्या रचनेचे स्फटिक बारीक असतात आणि घट्ट रचले जातात, त्यामुळे पृष्ठभाग एकसंध होतो. शिवाय गोठताना चॉकलेट किंचित आक्रसतं, म्हणून साच्यातून आपोआप सुटतं.

टेम्परिंग म्हणतात ते हेच: कोको बटरला पाचव्या रचनेतच गोठायला लावणं. गडद चॉकलेट 45 ते 50 अंशांपर्यंत तापवलं की जुने सगळे स्फटिक मोडतात. मग ते 27–28 अंशांपर्यंत उतरवायचं आणि पुन्हा 31–32 वर आणायचं. या शेवटच्या तापमानाला पाचव्या रचनेचे स्फटिक टिकतात आणि चौथ्यापर्यंतचे वितळून जातात. दुधाळ चॉकलेटसाठी हे शेवटचं तापमान 29–30 आणि पांढऱ्यासाठी 28–29. घरी सोपा मार्ग बियाण्याचा आहे. दोनतृतीयांश चॉकलेट वितळवायचं, उरलेलं एकतृतीयांश बारीक चिरून त्यात थोडं थोडं मिसळत ढवळायचं. चिरलेल्या चॉकलेटमध्ये पाचव्या रचनेचे स्फटिक असतातच, ते बाकीच्यांना वळण लावतात. झालं की नाही हे बघायला सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. साधारण पाच मिनिटांत ते घट्ट आणि एकसारखं तकतकीत झालं तर साधलं. करडे पट्टे उमटले, किंवा दहा मिनिटांनीही बोटाला लागत असेल, तर नाही साधलं.

यासाठी डिजिटल थर्मामीटर घ्याच. अंदाजाने टेम्परिंग जमणारी माणसं असतात, पण त्यांच्या हाताखालून मणभर चॉकलेट गेलेलं असतं. एका अंशाचा फरक बोटाला कळत नाही, पानावर मात्र दिसतो.

कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, त्यामुळे टेम्परिंगची गरज पडत नाही. चवीत ते उणं पडतं, पण शिकताना हात बसवायला मी तेच सुचवेन.

टेम्परिंग इतकंच महत्त्वाचं आहे ते चॉकलेट ज्याला टेकून गोठतं तो पृष्ठभाग. चॉकलेट त्याची हुबेहूब नक्कल करतं. पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे कडक प्लास्टिकचे, पारदर्शक साचे आरशासारखे असतात, त्यातून निघालेलं चॉकलेटही तसंच निघतं. सिलिकोनचे साचे बहुधा किंचित मॅट असतात. ॲसिटेट शीट गुळगुळीत, बेकिंग पेपर खरखरीत. शीटवर पायपिंगने, म्हणजे कोनातून चॉकलेट पिळून, नक्षी काढली, तर शीटला टेकलेली बाजू तकतकीत होते आणि वरची, हवेकडची बाजू तेवढी नाही. म्हणून असे तुकडे सुटल्यावर उलटे करायचे आणि पूड टेकलेल्या बाजूवर लावायची. साधी गोष्ट आहे, पण निम्मा फरक इथेच पडतो.

डबीत काय असतं?

लस्टर डस्ट नावाने मिळणारी खाण्यायोग्य पूड म्हणजे बहुधा अभ्रक. अभ्रकाचा खडा पाहिला असेल तर त्याचे पापुद्रे सुटतात हे माहीत असेल. तेच पापुद्रे दळून, चाळून मायक्रोमीटरमध्ये मोजावे लागतील इतके लहान केलेले असतात. पण नुसतं अभ्रक फारसं झळाळत नाही. त्याच्या प्रत्येक कणावर टायटॅनियम डायऑक्साइड किंवा लोहाच्या ऑक्साइडचा पातळसा लेप चढवलेला असतो. किती पातळ, तर काही दशक ते शंभर-दीडशे नॅनोमीटर. केसाच्या जाडीचा हजारावा भाग धरला तर अंदाज येईल.

हा लेप दोन कामं करतो. टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, अडीचच्या आसपास आहे आणि अभ्रकाचा 1.6 च्या आसपास, म्हणून दोन्हींच्या सीमेवर प्रकाश चांगलाच परततो. शिवाय लेपाच्या वरच्या कडेवरून एक किरण परततो आणि खालच्या कडेवरून दुसरा. दुसऱ्याला थोडं जास्त अंतर चालावं लागतं. दोघे पुन्हा एकत्र येतात तेव्हा काही रंगांच्या लाटा एकमेकींना उचलून धरतात, काहींच्या एकमेकींना मारतात. उरलेला रंग आपल्याला दिसतो. साबणाच्या फुग्यावर रंग फिरतात ते याच कारणाने. तिथेही रंगद्रव्य नसतं, पातळ पडदा असतो. लेप 50 नॅनोमीटरच्या आसपास असेल तर पूड चंदेरी-मोतिया दिसते. तो जाड करत नेला की सोनेरी, मग तांबूस, जांभळट, निळी, हिरवी. एकाच द्रव्याच्या जाडीने एवढे रंग बदलतात, हे मला आजही विलक्षण वाटतं.

खऱ्या मोत्याचं पाणी म्हणतात तेही असंच येतं, थरांवर थर साचून. पूर्वी नकली मोत्यांना ते पाणी द्यायला माशांच्या खवल्यांतला ग्वानीन नावाचा पदार्थ वापरत. टायटॅनियमचा लेप दिलेलं अभ्रक 1960 च्या दशकात आलं आणि गाड्यांच्या रंगापासून ओठांच्या लिपस्टिकपर्यंत सगळीकडे पसरलं. केकपर्यंत आलं ते त्याच वाटेने.

आता त्या फसलेल्या पानाकडे परत येऊ. अभ्रकाचा प्रत्येक कण म्हणजे एक इवलासा आरसा. हे आरसे एका पातळीत, एकाच दिशेने तोंड करून बसले तर सगळे मिळून एक मोठा आरसा होतात. खाली खडबडीत चॉकलेट असेल तर कुणी आडवा, कुणी उभा, कुणी खड्ड्यात तिरपा. प्रत्येक कण चकाकतोय, पण वेगवेगळ्या दिशेला. डोळ्याला पोचते ती नुसती पिवळट भुकटी. वर आणखी पूड टाकली तर कणांचे ढीग होतात आणि वरचा कण खालच्याचा प्रकाश अडवतो. झळाळी कमी वाटली की हात आपसूक डबीकडे जातो. तो आवरा, आणि आधी पृष्ठभाग बघा.

कणांचा आकारही बघण्यासारखा आहे. 20 मायक्रोमीटरच्या आतले कण रेशमी, मऊ झळाळी देतात, झाकतातही चांगले. त्याहून मोठे कण लखलखीत दिसतात, पण झाकत कमी. शंभराच्या पुढे गेलं की कण सुटे सुटे दिसू लागतात आणि झळाळीची चमचम होते. चॉकलेटच्या पानाफुलांना रेशमी पूड शोभते असं माझं मत आहे. मोठ्या कणांनी पानाच्या शिरा आणि पाकळीच्या कडा हरवतात.

गडद चॉकलेटची गंमत

एकच निळसर झाक असलेली मोतिया पूड गडद चॉकलेटवर आणि पांढऱ्या चॉकलेटवर लावून बघा. गडदवर ती मोरपंखी उजळेल, पांढऱ्यावर जवळपास नाहीशी होईल. पूड निळा प्रकाश परतवते तेव्हा उरलेला, म्हणजे पिवळसर प्रकाश तिच्यातून आरपार जातो. खाली गडद चॉकलेट असेल तर ते हा पिवळसर प्रकाश गिळून टाकतं आणि आपल्यापर्यंत शुद्ध निळा पोचतो. खाली पांढरं असेल तर पिवळसर प्रकाश त्यावर आपटून परत वर येतो, निळ्यात मिसळतो आणि दोघे मिळून पांढरेच होतात.

म्हणून फिरत्या झाकेच्या पुड्या, जांभळी, निळी, हिरवी झाक असणाऱ्या, गडद चॉकलेटसाठी राखून ठेवा. पांढऱ्या चॉकलेटवर रंग दिसायला हवा असेल तर लोहाच्या ऑक्साइडचा लेप असलेल्या सोनेरी, तांबूस, कांस्य पुड्या घ्या. लोहाच्या ऑक्साइडला स्वतःचा रंग असतो, त्याला खालच्या काळोखाची गरज नसते. घटकांच्या यादीत तो ई 172 या खाद्यघटकाच्या क्रमांकाने लिहिलेला सापडेल. पांढऱ्यावर नुसती मोतिया पूडही सुरेख दिसते, पण तिथे अपेक्षा रंगाची ठेवायची नाही, झळाळीची ठेवायची. दुधाळ चॉकलेट मधलं आहे. त्याच्यावर कांस्य आणि तांबूस छटा सर्वांत जास्त खुलतात.

खाण्यासाठी की फक्त बघण्यासाठी?

या भागात मी सौम्यपणे बोलणार नाही. केक सजवण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या चमकदार पुड्या खाण्यासाठी केलेल्या नसतात. काहींमध्ये पितळ किंवा तांब्याचा धातूच बारीक दळलेला असतो, काही ग्लिटर निव्वळ प्लास्टिक असतं. डबीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असतं आणि आपण समजतो की खायला चालेल. त्या शब्दाचा अर्थ तसा होत नाही. मुलांचे खडू आणि गोंदही नॉन-टॉक्सिक असतात.

हे काल्पनिक भय नाही. 2018 मध्ये अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलांना उलट्या आणि जुलाब झाले. केकवर गुलाबी-सोनेरी पुडीचा जाड थर होता आणि त्या पुडीत तांबं निघालं. पुढच्या वर्षी मिझुरी राज्यात एका वर्षाच्या बाळाच्या रक्तात शिशाचं प्रमाण वाढलेलं आढळलं. शोध केकवरच्या फुलांपर्यंत गेला. त्यांवरच्या पिवळ्या पुडीत शिसं होतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2021 मध्ये या दोन्ही घटनांचा अहवाल प्रसिद्ध केला. दोन्ही पुड्या खाण्यासाठी बनवलेल्या नव्हत्या.

ओळखायचं कसं? डबीवर ‘एडिबल’ म्हणजे खाण्यायोग्य असं स्पष्ट लिहिलेलं हवं आणि घटकांची पूर्ण यादी हवी. खाण्याच्या वस्तूवर घटक लिहावेच लागतात. यादीच नसेल, किंवा ‘केवळ सजावटीसाठी’, ‘खाण्यापूर्वी काढून टाका’ असं लिहिलं असेल, तर ती पूड केकच्या वाटेला नको. यादीत अभ्रक म्हणजे मायका किंवा ई 555, टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे ई 171 आणि लोहाचे ऑक्साइड म्हणजे ई 172 दिसतील. सुटी, पुडीत बांधून दिलेली, नाव नसलेली पूड कितीही सुंदर असली तरी घेऊ नका.

ई 171 बद्दल देशोदेशी एकमत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2021 मध्ये सांगितलं, की त्यामुळे जनुकीय इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, आणि 2022 पासून युरोपीय संघात ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी आली. अमेरिकेत ते ठरावीक मर्यादेत चालतं. तुमच्या देशाचा नियम बघा. ते टाळायचं असेल तर लोहाच्या ऑक्साइडवरच्या कांस्य-तांबूस छटा हा सोपा पर्याय आहे. शाकाहारी पाहुण्यांसाठी आणखी दोन नावं लक्षात ठेवा. लाल-गुलाबी छटांत ई 120, म्हणजे कार्मिन, असू शकतं. ते किड्यांपासून काढतात. आणि खाण्याच्या वार्निशात ई 904, शेलॅक, असतं. ती लाख, लाखेच्या किड्याचा स्राव.

हात कसा चालवायचा

सगळ्यांत सुंदर झळाळी साच्यातून येते. स्वच्छ, पूर्ण कोरड्या पॉलिकार्बोनेट साच्यात आधी कोरडी पूड मऊ ब्रशने लावायची, साचा उलटा करून टिचकी मारून जादा पूड झटकायची आणि मग टेम्पर केलेलं चॉकलेट ओतायचं. साच्याच्या आरशासारख्या भिंतीवर अभ्रकाचे कण आपोआप सपाट बसतात आणि चॉकलेट त्यांना मागून धरून ठेवतं. बाहेर येतो तो तुकडा ओतीव धातूसारखा दिसतो, बोटालाही पूड कमी लागते. टेम्परिंग बिघडलं असेल तर चॉकलेट आक्रसत नाही, आणि मग निम्मी पूड साच्यालाच चिकटून राहते.

तयार तुकड्यावर लावायची असेल तर कोरडा ब्रश. ब्रश अगदी मऊ हवा, मेकअपचा नवा कोरा ब्रश उत्तम, तो फक्त याच कामासाठी ठेवायचा. पूड थेट डबीतून उचलू नका. थोडी कागदावर घ्या, ब्रश तिच्यात फिरवा, दुसऱ्या कागदावर टेकवून बरीचशी उतरवा आणि उरलेल्या नावापुरत्या पुडीने काम करा. पहिला हात पसरवण्याचा, दुसरा घासण्याचा: हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवत राहिलं की तिरपे कण आडवे होतात आणि झळाळी डोळ्यांदेखत वर येते. ती वेळ मला या सगळ्या कामात सर्वांत आवडते. पानाच्या सगळ्या अंगाला पूड लावण्यापेक्षा फक्त उंच भागांना, शिरांना आणि कडांना लावा. खोलगट भाग गडद राहिला की आकार उठून दिसतो. पंखा बंद ठेवा, आणि पूड फार उडत असेल तर नाकाला मास्क लावा. अभ्रक खाण्यायोग्य असलं तरी श्वासात जायला नको.

बारीक रेघा, अक्षरं, पाकळीची सोनेरी कड यांना पूड पातळ करून रंगासारखी वापरावी लागते. इथे बहुतेकांची चूक पाण्यापाशी होते. पाणी चॉकलेटमधली साखर विरघळवतं, पृष्ठभाग चिकट होतो आणि वाळल्यावर पांढुरके डाग उरतात. त्याऐवजी तीव्र मद्यार्क घ्या. व्होडका चालते, त्याहून जास्त तीव्रतेचा खाद्य अल्कोहोल असेल तर अधिक चांगलं. मद्यार्कात मुरवलेला लिंबाचा अर्कही चालतो. काही थेंबांत पूड मिसळून साईइतकी दाट करायची. मद्यार्क क्षणात उडून जातो आणि मागे फक्त कण राहतात. ताटलीतलं मिश्रण दर दोन मिनिटांनी सुकेल, एकेक थेंब घालत राहा. मद्य नको असेल तर वितळवलेलं कोको बटर वापरा, एक चमच्याला साधारण पाव चमचा पूड, 30–32 अंशांवर. खायचं तेल वापरू नका, ते सुकत नाही आणि सगळं बरबटतं.

चॉकलेटच्या लहान गोळ्या किंवा मोती असतील तर झाकणाच्या डब्यात चिमूटभर पूड घालून गोल गोल हलवले की झालं. एअरब्रशने रंगीत कोको बटर फवारता येतं, पण त्यासाठी उपकरणं आणि सराव दोन्ही लागतात. ट्रान्सफर शीटवर नक्षी आधीच छापलेली असते. तिच्यावर चॉकलेट पसरायचं, गोठलं की शीट सोलायची.

मॉडेलिंग चॉकलेटची फुलं वेगळी वागतात. 100 ग्रॅम गडद चॉकलेटमध्ये साधारण 45–50 ग्रॅम मक्याचं सिरप मिसळून, पांढरं असेल तर 30 ग्रॅमच्या आसपास, जो मऊ गोळा होतो तो टेम्पर केलेला नसतो, म्हणून त्याला आरशासारखी तकाकी येणार नाही. पण त्याच्या अंगाला किंचित स्निग्धपणा असतो आणि पूड घट्ट धरते. फूल घडवल्यावर बोटाच्या टोकाने हलकेच चोळून भेगा आणि ठसे मिटवा, रात्रभर कडक होऊ द्या, मग कोरडी पूड. एक सावधगिरी: साखरेच्या फुलांवर पूड पक्की करण्यासाठी त्यांना क्षणभर वाफ देतात. चॉकलेटच्या फुलांना ती दिली तर फूल वितळेल, आणि न वितळलं तरी ओलाव्याने खराब होईल.

सोन्याचा वर्ख हवा असेल तर तो चिमट्याने आणि कोरड्या ब्रशनेच उचलायचा, बोटाला लागला की परत मिळत नाही. 22 ते 24 कॅरटचा खाण्याचा वर्ख ई 175 म्हणून ओळखला जातो. पानभर लावण्याची गरज नसते, एका कोपऱ्यावर फाटका तुकडा पुरतो.

रंगाशिवायचे रंग

एक प्रकार असाही आहे ज्यात पूडच लागत नाही. अतिसूक्ष्म समांतर रेघा कोरलेली खाद्य दर्जाची शीट घ्यायची, रेघांमधलं अंतर साधारण एक मायक्रोमीटर. तिच्यावर टेम्पर केलेलं गडद चॉकलेट ओतायचं. चॉकलेट नक्कल करण्यात इतकं पटाईत, की त्या रेघाही उचलतं. शीट सोलली की चॉकलेटवर सीडीसारखे इंद्रधनुषी पट्टे फिरतात. रेघांवरून प्रकाश परतताना प्रत्येक रंग वेगळ्या कोनात फुटतो, एवढंच. घटकांच्या यादीत एकही रंग वाढत नाही. मात्र या रेघा स्पर्शाने वितळतात. एकदा बोट लागलं की त्या जागचा इंद्रधनुष्य गेला, आणि कितीही घासून तो परत येत नाही. टेम्परिंग इथे जरासुद्धा चुकलेलं चालत नाही.

केकवर ठेवताना

झळाळी बिघडते ती बहुतेक वेळा शेवटच्या तासात, आणि ओलाव्यामुळे. फ्रीजमधून काढलेला थंड तुकडा उबदार हवेत आला की त्याच्यावर दव धरतं. ते पाणी पुडीचे ओघळ करतं, साखर विरघळवतं आणि सुकल्यावर पांढुरका थर ठेवून जातं. म्हणून पूड लावलेली सजावट फ्रीजमध्ये ठेवू नका. घट्ट डब्यात, कोरड्या आणि थंडसर जागी, 16 ते 18 अंशांच्या आसपास ती आठवडे टिकते. केक थंड ठेवावाच लागणार असेल तर सजावट वेगळी ठेवा आणि केक मांडायच्या थोडं आधी खोचा. नुसत्या बोटांनी उचलू नका. सुती हातमोजे किंवा चिमटा वापरा, कारण बोटांची ऊब तकाकीवर ठसा सोडते. पूड पसरलीच तर पुसायला ओलं फडकं नको, कोरडा स्वच्छ ब्रश फिरवा.

आणि खोचताना क्षणभर दिवा कुठे आहे ते बघा. अभ्रकाचे कण आरसे आहेत, त्यांना प्रकाश एका बाजूने लागतो. छतावरच्या पसरट ट्यूबलाइटखाली सोनेरी पान सपाट दिसतं. बाजूला एकच पिवळा दिवा असेल तर तेच पान पेटतं. सगळी पानं एकाच कोनात रोवली तर समोर बसलेल्यालाच ती चमकताना दिसतील. थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे झुकवून ठेवा. मग टेबलाभोवती जो जिथे उभा असेल, त्याच्याकडे एखादं तरी पान लकाकेल, आणि कुणी केकभोवती चालत गेलं तर झळाळी त्याच्याबरोबर एका पानावरून दुसऱ्या पानावर सरकत जाईल.